एकाच रकान्यातली दोन बाळं



दिवाळीत शिरपूरला घरी गेले होते. फराळाला आलेल्या एका मावशींनी नेहमीचा प्रश्न टाकला, "तुनी पीएचडी कशावर शे व?" मी म्हटलं, "आजारांच्या कोडवर." मावशींचा चेहरा एकदम गंभीर झाला. "कोड? ते अंगवर पांढरा डाग पडतस ते?"

हसू आलं, पण चूक माझीच होती. आपल्याकडे कोड म्हणजे त्वचेवरचे पांढरे डाग, हेच आधी डोक्यात येणार. मी सांगितलं, मावशी, तो कोड नाही. प्रत्येक आजाराला सरकारदरबारी एक नंबर असतो. गाडीला असतो तसा. त्या नंबरांचा इतिहास मी शोधते. मावशी म्हणाल्या, "मंग त्यानी काय व्हस?" म्हणजे, त्याने काय होतं?

खरं सांगू, माझ्या गाईडनीही पहिल्या भेटीत हाच प्रश्न विचारला होता, फक्त भाषा वेगळी होती. तेव्हा उत्तर धड देता आलं नव्हतं. आज प्रयत्न करते. सगळ्या आजारांचे कोड घेतले तर लेख संपणार नाही, म्हणून एकच छोटा कोपरा घेऊ: पोटाची भिंत नीट न मिटता जन्मलेली बाळं. शिरपूर, धुळे आणि आपला तापीकाठ डोळ्यासमोर ठेवून.

आधी आजीची गोष्ट

हा विषय मी निवडला त्यामागे आजीने सांगितलेली एक आठवण आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या त्यांच्या गावात एक पोर जन्मलं होतं. "पोटच उघडं व्हतं त्यानं," आजी म्हणाली. आतडी बाहेर. सुईणीने लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलं. बाळ दुसऱ्या दिवसापर्यंत होतं, मग गेलं. बाया म्हणाल्या, ग्रहण पाळलं नसेल. बारसं झालं नव्हतं, त्यामुळे नाव नाही. जन्माची नोंद नाही, मृत्यूचीही नाही.

मी आजीला विचारलं, "आतड्यांवर पातळ पडदा होता का? पिशवीसारखा?" आजी म्हणाली, ते कोण पाहतं गं.

हा पडदा होता की नव्हता, एवढ्या एका प्रश्नाभोवती आजचा लेख फिरणार आहे.

दोन बाळं, दोन वेगळे आजार

गर्भ साधारण सहा आठवड्यांचा असतो तेव्हा त्याचं आतडं फार वेगाने वाढतं. पोटात जागा पुरत नाही, म्हणून आतड्याचे वेढे काही काळ नाळेच्या बुंध्यात जाऊन राहतात. यात विकृत काही नाही. तुमचं-माझं, सगळ्यांचंच असं झालेलं आहे. साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत आतडं परत पोटात येतं आणि पुढची भिंत मिटते.

आता पहिलं बाळ. त्याचं आतडं परत आत आलंच नाही. जन्मताना नाळेच्या बुंध्याशी एक फुगवटा दिसतो. त्यात आतडं असतं, कधी यकृतही असतं, आणि त्यावर पातळ पारदर्शक पडदा असतो. याला म्हणतात ऑम्फॅलोसील किंवा एक्झॉम्फॅलस. ग्रीक भाषेत 'ऑम्फॅलोस' म्हणजे बेंबी. अशा बाळांपैकी निम्म्याहून जास्त बाळांमध्ये आणखी काही दोष सापडतात: हृदयाचा, गुणसूत्रांचा. बाळ जगेल का हे बहुतेक वेळा त्या दुसऱ्या दोषावर ठरतं.

दुसरं बाळ. त्याची नाळ जागच्या जागी आहे, पण नाळेशेजारी, बहुधा उजव्या बाजूला, पोटाला एक भोक आहे. त्यातून आतडी थेट बाहेर आलेली. पडदा नाही, पिशवी नाही. कित्येक महिने गर्भजलात भिजून आतडी सुजलेली, जाड झालेली. हे गॅस्ट्रोस्कायसिस. 'गॅस्टर' म्हणजे पोट, 'स्कायसिस' म्हणजे फाट. आणि गंमत म्हणा की दैव म्हणा, हे बाळ बाकी बहुतेक वेळा धडधाकट असतं. हृदय ठीक, मेंदू ठीक. त्याचे शत्रू म्हणजे थंडी, अंगातलं पाणी कमी होणं, जंतुसंसर्ग आणि आतड्याला पीळ पडून रक्तपुरवठा तुटणं. म्हणजे पहिल्या काही तासांत काय केलं यावर त्याचं सगळं अवलंबून.

तिसरा एक प्रकार आपल्या ओळखीचा आहे, तो इथेच बाजूला काढते. बाळ रडलं की बेंबी वर येते, तो बेंबीचा हर्निया. वर नीट कातडी असते, बहुतेकांचा मोठं होताना आपोआप बसतो. कोडच्या पुस्तकात तो वेगळ्याच प्रकरणात, पचनसंस्थेच्या आजारांत आहे. पण कागदावर कुणी घाईत नुसतं 'हर्निया' लिहिलं, तर काय होईल याचा अंदाज करा.

लांबून पाहणाऱ्याला पहिली दोन्ही बाळं सारखीच: पोट उघडं. डॉक्टरसाठी मात्र एकात प्रश्न असतो 'आणखी काय बिघडलंय?' आणि दुसऱ्यात प्रश्न असतो 'किती लवकर पोचवता येईल?' हे दोन प्रश्न एकाच रकान्यात घातले की दोन्ही हरवतात. इतिहासात तेच झालं, आणि फार काळ झालं.

पाटलाच्या वहीतलं खानदेश

आपल्या भागापासून सुरू करू. इंग्रजांच्या काळात गावातला मृत्यू कळवायचं काम गावकामगारांकडे, म्हणजे पाटील-कुलकर्ण्यांकडे होतं. वर पाठवायच्या तक्त्यात कारणांचे रकाने मोजकेच: पटकी, देवी, ताप, पोटाचे विकार, इजा आणि 'इतर सर्व'. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, मग प्लेगचाही रकाना झाला. १८८० मध्ये निघालेलं खानदेशचं गॅझेटियर किंवा त्या काळचे आरोग्य अहवाल उघडले, की 'ताप' हा रकाना सगळ्यांत फुगलेला दिसतो. हिवताप, विषमज्वर, न्यूमोनिया, जे काही अंग तापवून माणूस नेतं ते सगळं त्यात.

त्या तक्त्यात आजीच्या गावातलं बाळ कुठे बसलं असतं? एक तर 'इतर सर्व' मध्ये. किंवा 'पोटाचे विकार' मध्ये, हगवणीशेजारी! किंवा कुठेच नाही, कारण एक दिवसाचं बाळ गेलं हे पाटलाला सांगायला कोण जाणार?

इथे लगेच इंग्रजांना किंवा पाटलाला दोष देऊन मोकळं व्हायचा मोह होतो. मलाही झाला होता. पण तो तक्ता ज्या कामासाठी बनवला होता ते काम लक्षात घ्या. सरकारला साथ कुठे पसरतेय एवढं हवं होतं. पटकी-देवी वेगळ्या मोजल्या, कारण त्यांची भीती होती आणि त्यांवर काही करता येत होतं. ज्यावर काही करता येत नाही असं वाटतं ते 'इतर' मध्ये जातं. मोजणीच्या इतिहासातला हा धागा पकडून ठेवा, पुढे लागेल.

पॅरिसहून आलेली यादी

इकडे युरोपात मृत्यूच्या कारणांची सगळ्या देशांना चालेल अशी यादी करायची खटपट १८५३ च्या ब्रुसेल्सच्या सांख्यिकी परिषदेपासून चालू होती. लंडनचे विल्यम फार त्यात पुढे होते. शेवटी १८९३ मध्ये शिकागोला पॅरिसचे संख्याशास्त्रज्ञ जॅक बर्तिय्याँ यांची यादी मान्य झाली. (त्यांचा भाऊ अल्फाँस गुन्हेगारांच्या शरीराची मापं घेऊन ओळख पटवण्याच्या पद्धतीसाठी प्रसिद्ध. एक भाऊ गुन्हेगार मोजत होता, दुसरा मृत्यू. घरात जेवताना काय बोलत असतील!)

आजची आंतरराष्ट्रीय रोग वर्गीकरण यादी, म्हणजे आयसीडी, हे त्याच यादीचं वंशज. १९०९ च्या दुसऱ्या आवृत्तीत जन्मजात दोषांना १५० हा क्रमांक होता, आणि त्याच ओळीत मृतजन्म यात धरू नयेत अशी सूचना. म्हणजे पोटातच किंवा जन्मताना गेलेली बाळं यादीच्या दारातूनच परत. बर्तिय्याँची यादी मृत्यूची होती, आणि मृत्यू मोजायला आधी जन्म व्हावा लागतो.

१९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सहावी आवृत्ती काढली. तीत पहिल्यांदाच मृत्यूच नव्हे तर आजारही आले, म्हणजे जिवंत रुग्णालाही कोड मिळाला. जन्मजात दोषांना ७५० ते ७५९ असे दहा क्रमांक मिळाले. पहिल्याच, ७५० क्रमांकाचं नाव होतं 'मॉन्स्ट्रॉसिटी'. म्हणजे राक्षसी रूप. हा शब्द मी ग्रंथालयात वाचला तेव्हा पान बंद करून थोडा वेळ बसले. आपल्या आज्यांनी ग्रहणाला दोष दिला म्हणून आपण हसतो. तिकडे अधिकृत पुस्तकातही भाषा फार पुढे गेलेली नव्हती.

१९५३: कुणीतरी पडदा पाहिला

अशी बाळं जगाला काही नवी नव्हती. फ्रेंच शल्यचिकित्सक आंब्र्वाज पारे यांनी सोळाव्या शतकातच बेंबीशी असा फुगवटा असलेल्या बाळाचं वर्णन केलेलं आहे. पण दोन्ही प्रकारांना डॉक्टर मंडळी बरीच वर्षं एकमेकांची नावं देत राहिली. १९५३ मध्ये मूर आणि स्टोक्स या अमेरिकी डॉक्टरांनी दोन बाळांच्या शस्त्रक्रियांचा वृत्तांत छापला आणि फरकाच्या खुणा स्पष्ट मांडल्या: नाळ कुठे लागलीय, पडदा आहे का, आतड्यांची दशा काय. तिथून गॅस्ट्रोस्कायसिस हे नाव पक्कं होत गेलं.

हे नाव पक्कं होणं आणि उपचार सुधारणं बरोबरीने चाललं. १९६७ मध्ये शुस्टर यांनी बाहेरची आतडी कृत्रिम पडद्याने झाकून हळूहळू आत घालायची पद्धत मांडली. आजची सायलो नावाची पिशवी त्यातूनच पुढे आली. त्याच सुमारास फिलाडेल्फियात डड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिरेतून संपूर्ण पोषण देता येतं हे दाखवलं. आतडं चालू व्हायला आठवडे लागले तरी बाळ उपाशी मरणार नाही, ही सोय झाली. जे बाळ आधी जवळजवळ निश्चित जायचं ते आता जगू लागलं.

मागे म्हटलं ना, ज्यावर काही करता येतं ते वेगळं मोजलं जातं? मग आता वेगळा कोड मिळायला हवा होता. पण पुस्तकं डॉक्टरांपेक्षा हळू चालतात.

७५६.७१ म्हणजे नक्की कोण?

१९७५ मध्ये ठरलेली आणि १९७९ पासून वापरात आलेली आयसीडीची नववी आवृत्ती उघडा. ७५६.७: पोटाच्या भिंतीचे दोष. त्याखाली ऑम्फॅलोसील, गॅस्ट्रोस्कायसिस आणि तिसरा 'प्रून बेली' (पोटाचे स्नायूच नसल्याने कातडी सुकलेल्या आलुबुखारासारखी सुरकुतलेली) असे सगळे एकाच खोलीत. मूर-स्टोक्सना पंचवीस वर्षं होत आली तरी!

ब्रिटनच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेला हे पटलं नाही. त्यांनी १९७९ मध्ये स्वतःचा एक अंक वाढवला: ७५६.७० ऑम्फॅलोसील, ७५६.७१ गॅस्ट्रोस्कायसिस, ७५६.७२ प्रून बेली. जन्मदोषांची नोंद ठेवणाऱ्या अनेक संस्थांनी हीच पद्धत थोड्या फरकाने उचलली. दुसरीकडे अमेरिकेतल्या रुग्णालयांसाठी नवव्या आवृत्तीचं वेगळं रूप होतं. त्यातही पुढे पाचवा अंक आला, पण त्यांनी ७५६.७१ दिला प्रून बेलीला. गॅस्ट्रोस्कायसिस आणि ऑम्फॅलोसील दोघं ७५६.७९ 'इतर' मध्येच राहिले. ते सुटे झाले थेट २००९ मध्ये, ७५६.७२ आणि ७५६.७३ म्हणून.

परत वाचा. ७५६.७१ हा एकच नंबर एका पुस्तकात गॅस्ट्रोस्कायसिस, दुसऱ्यात प्रून बेली. ७५६.७२ एका ठिकाणी प्रून बेली, दुसऱ्या ठिकाणी ऑम्फॅलोसील. माझ्यासारखी विद्यार्थिनी जुना डेटा उघडते आणि कोणतं पुस्तक वापरलंय हे पाहत नाही, तर तिचा अख्खा प्रबंध गाळात. (हो, पहिल्या वर्षी मी ही चूक केली. तीन आठवड्यांचं काम फेकून द्यावं लागलं.)

१९९० मध्ये मान्य झालेल्या दहाव्या आवृत्तीने हा घोळ निदान जगासाठी मिटवला. क्यू७९.२ ऑम्फॅलोसील, क्यू७९.३ गॅस्ट्रोस्कायसिस, क्यू७९.४ प्रून बेली, क्यू७९.५ इतर. क्यू७९.२ खाली स्पष्ट सूचना आहे की बेंबीचा हर्निया इथे घालू नका, तो के४२. हे सगळं 'स्नायू आणि हाडं' यांच्या दोषांत आहे, आतड्यांच्या दोषांत नाही, कारण पुस्तकाच्या मते चूक भिंतीची आहे, आतडं बिचारं नुसतं बाहेर आलंय.

मग प्रश्न सुटला का? पुस्तकात सुटला. आता पॅरिस-जिनिव्हा सोडून परत शिरपूरला येऊ.

शिरपूरहून निघालेला कागद

समजा आज शिरपूर तालुक्यात, पार मध्य प्रदेशच्या सीमेजवळच्या एखाद्या पाड्यावर असं बाळ जन्मलं. त्याचा कागद कुठून कुठे जातो ते पाहू.

जन्म घरी झाला आणि बाळ घरीच गेलं, तर १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे नोंद ग्रामपंचायतीत. कारण सांगणार घरचे. डॉक्टरने प्रमाणित केलेलं कारण आपल्या देशात अजून थोड्याच मृत्यूंना मिळतं. २०२० च्या राष्ट्रीय अहवालात हे प्रमाण नोंदलेल्या मृत्यूंच्या साधारण २२.५ टक्के होतं. जिथे डॉक्टर नाही तिथे घरच्यांना प्रश्न विचारून कारण ठरवायची पद्धत आहे. ग्रामीण भागासाठी १९६५ च्या सुमारास असा उपक्रम सुरू झाला, आज त्याला शाब्दिक शवविच्छेदन म्हणतात. पद्धत चांगली आहे, पण तिच्या यादीत जन्मजात दोषांना सगळे मिळून एकच रकाना. पडद्याचा प्रश्न तिथेही कुणी विचारत नाही.

जन्म उपजिल्हा रुग्णालयात झाला तर बाळाला पुढे पाठवणार. धुळ्याचं श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय साधारण पन्नास किलोमीटर. तिथूनही पुढे जायची वेळ आली तर नाशिक, मुंबई किंवा वर इंदूर. मुंबई साडेतीनशे किलोमीटरहून जास्त, इंदूर त्यापेक्षा बरंच जवळ, म्हणून आपली माणसं आग्रा रोडने घाट चढून तिकडेही जातात. आता गंमत बघा. आपल्याकडे मृत्यू जिथे घडला तिथे नोंदवला जातो. बाळ शिरपूरचं, पण गेलं इंदूरला, तर नोंद मध्य प्रदेशात. वाटेत गाडीत गेलं, तर ती नोंद कुठे आणि काय होते हे तुम्हीच आठवून पाहा.

खानदेशातल्या एका रुग्णालयात (नाव मुद्दाम लिहीत नाही) मला परवानगीने जुनी रजिस्टरं पाहायला मिळाली. नावं झाकलेली होती. एका ओळीत निदानाच्या जागी दोनच शब्द: 'कंजेनिटल ॲनोमली'. पुढच्या रकान्यात 'रेफर्ड'. संपलं. या ओळीला कोड द्यायचा तर क्यू८९.९, म्हणजे 'जन्मजात दोष, तपशील नाही'. ही ओळ लिहिणाऱ्या सिस्टरचा मला राग आला नाही. रात्रपाळी, तीन बाळंतपणं, आणि हातात असं बाळ. तिने आधी बाळ गुंडाळून गाडीत घातलं असेल, मग पेन उचललं असेल. तोच क्रम बरोबर आहे. पण 'आतडी बाहेर, पडदा नाही' हे चार शब्द तिने लिहावेत असं तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

सरकारी योजनांचंही पाहू. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात, पालघरला, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. मुलांमधल्या ३० स्थिती तपासायच्या. त्यांत जन्मजात दोष ९: मज्जारज्जूच्या नळीचे दोष, डाऊन सिंड्रोम, दुभंगलेले ओठ-टाळू, वाकडे पाय, खुब्याचा सांधा, मोतीबिंदू, बहिरेपण, हृदयदोष आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा डोळ्याच्या पडद्याचा विकार. पोटाच्या भिंतीचं नाव या यादीत नाही. नंतरच्या प्रशिक्षणात नवजात बाळ डोक्यापासून पायापर्यंत तपासायला शिकवतात, तिथे हे दोष येतात. पण मूळ तीसच्या यादीत नाहीत. त्यामागचा तर्क कळतो. अंगणवाडीत पथक जातं तेव्हा दुभंगलेल्या ओठाचं मूल तिथे बसलेलं असतं. गॅस्ट्रोस्कायसिसचं मूल अंगणवाडीपर्यंत पोचतच नाही.

आणि जुलै २०१२ मध्ये जीवनदायी योजना ज्या पहिल्या ८ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत आपलं धुळे होतं, हे अनेकांना आठवत असेल. आज ती महात्मा ज्योतिराव फुले यांच्या नावाने आहे. तिने कित्येक घरं कर्जातून वाचवली. पण तिथला कोड पॅकेजचा असतो. कोणती शस्त्रक्रिया झाली ते तो सांगतो. शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत न पोचलेलं बाळ त्यात दिसणार नाही.

म्हणजे एक बाळ, चार कागद, आणि चारही कागदांवर ते ओळखू येत नाही.

त्याने काय होतं?

आता मावशींच्या प्रश्नाकडे.

२०२१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक मोठा अभ्यास आला. ७४ देशांतली २६४ रुग्णालयं. गॅस्ट्रोस्कायसिसच्या बाळांपैकी किती दगावली? श्रीमंत देशांत १०० पैकी १ किंवा २. मध्यम उत्पन्नाच्या देशांत सुमारे ३२. गरीब देशांत ९०. आजार तोच, बाळ तेच. फरक वेळेत पोचण्याचा, ऊब देण्याचा, सलाइनचा, शिरेतून पोषण देण्याचा. आणि हे आकडे रुग्णालयापर्यंत पोचलेल्या बाळांचे आहेत.

हे आकडे काढता आले, कारण त्या रुग्णालयांनी गॅस्ट्रोस्कायसिस वेगळं लिहिलं. ते 'जन्मजात दोष' मध्ये राहिलं असतं तर निष्कर्ष काय निघाला असता? 'व्यंग असलेली बाळं दगावतात, देवाची मर्जी.' मिसळलेला रकाना नेमकं हेच करतो. ज्याला वाचवता आलं असतं तो, ज्याला वाचवणं कठीण होतं त्याच्या आड लपतो.

दुसरी गोष्ट. जगभर असं दिसलंय की गॅस्ट्रोस्कायसिस वीस वर्षांखालच्या आयांच्या बाळांत जास्त आढळतं, ऑम्फॅलोसीलचं तसं नाही. अनेक देशांत गेल्या काही दशकांत गॅस्ट्रोस्कायसिस वाढलंही. हे कळलं ते दोन्ही वेगळी मोजल्यावर. ज्या भागात पोरींची लग्नं अजून लवकर होतात तिथे हा प्रश्न विचारायला नको का? आपल्या पट्ट्यात विचारायचा तर आधी क्यू७९.३ लिहिलेलं हवं. रकाना नसेल तर प्रश्नच जन्माला येत नाही.

तिसरी गोष्ट, आयांची. 'जन्मजात दोष' एवढंच ऐकून घरी आलेल्या बाईला पुढची कित्येक वर्षं ग्रहणाचं, विळी हातात धरल्याचं ऐकावं लागतं. पुढच्या खेपेला काय होईल ही भीती वेगळीच. ऑम्फॅलोसील असेल तर पुढच्या खेपेआधी गुणसूत्रांचा सल्ला घ्यावा लागू शकतो. गॅस्ट्रोस्कायसिस असेल तर बहुतेक वेळा परत होत नाही. या दोन वाक्यांपैकी आपल्याला लागू कोणतं हे तिला कळायला हवं. ते कळण्याचा एकमेव पुरावा म्हणजे तो कागद.

मग करायचं काय?

मी डॉक्टर नाही, उपचार सांगणार नाही. पण कागदांत चार वर्षं घातल्यावर एक गोष्ट ठामपणे सांगू शकते. कोड लावणारा माणूस बाळ पाहत नाही. तो कागद पाहतो. शेकडो पानांचं आयसीडी कितीही नेटकं केलं, २०२२ पासून अकरावी आवृत्ती आली, तरी लिहिणाऱ्याने जे लिहिलं नाही ते कोणतंच पुस्तक परत आणू शकत नाही.

म्हणून नवं सॉफ्टवेअर, नवं पोर्टल यांच्या आधी तीन साधे प्रश्न पुरे आहेत. पडदा होता का? भोक नाळेत होतं की नाळेशेजारी? बाकी काही दोष दिसला का? आशाताईला, सिस्टरला, १०८ च्या डॉक्टरला, कुणालाही हे पाहता येतं. दोन ओळींत लिहिता येतं. कोड नंतर कुणीही लावेल, दहा वर्षांनीसुद्धा.

पाटलाच्या वहीत 'ताप' लिहिलं जायचं, कारण त्यापलीकडे विचारायला कुणी आलं नव्हतं. आपल्याकडे आता विचारायचं काय ते माहीत आहे.

आजीला हे सगळं वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, त्या बाईला नंतर तीन पोरं झाली, तिन्ही चांगली. म्हणजे तुझं ते दुसरंच असेल, नाही का गं? मी म्हटलं, असेल आजी, पण एवढ्यावरून सांगता येत नाही. थोरल्या पोराचं नाव त्यांनी काय ठेवलं ते ती सांगत बसली.

पुढच्या लेखात मृतजन्माच्या नोंदीबद्दल लिहायचा विचार आहे, १९०९ च्या त्या 'धरू नयेत' पासून सुरुवात करून. तोवर तुमच्या घरात, गावात अशी काही आठवण असेल तर नावगाव न सांगता जरूर कळवा. आणि तुमच्यापैकी कुणी प्रसूतिगृहात काम करत असाल, तर निदानाच्या रकान्यात तुम्ही काय लिहिता, आणि लिहायला वेळ मिळतो का, हे मला खरंच जाणून घ्यायचं आहे.